‘ट्यूनर’ : कर्ता की करण?

इंग्रजीतील ‘-अर’ हा प्रत्यय धातूला लागला म्हणजे त्यातून कधी कर्ता सिद्ध होतो, तर कधी करण. ‘रायटर’ हा लिहिणारा माणूस होय. ‘कटर’ हे कापण्याचे साधन असू शकते आणि कापणारा कारागीरही असू शकतो. मराठीत ही दोन स्थाने बहुधा निरनिराळ्या शब्दांनी व्यापलेली असतात. लाटणारी वेगळी आणि लाटणे वेगळे. चाळणारा वेगळा आणि चाळणी वेगळी. मोटारसायकलीच्या व्यवहारात रूढ झालेला ‘ट्यूनर’ हा शब्द मात्र मराठीत येताना मूळची संदिग्धता बरोबर घेऊनच आला. इंजिनाची जुळवणी करणारा माणूस म्हणजे ट्यूनर, आणि त्या कामासाठी विकत मिळणारी डबीही ट्यूनरच. एवढ्यावरही हे भागत नाही. त्या डबीच्या नावाखाली निदान तीन परस्परभिन्न यंत्रे विकली जातात, आणि त्यांच्यातील भेद किमतीचा किंवा दर्जाचा नसून जातीचा आहे.

हा केवळ शब्दाचा प्रश्न असता तर तो कोशकारावर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु या शब्दाच्या आडोशाने होणाऱ्या चुकीची किंमत इंजिनाला मोजावी लागते. मिश्रण विरळ राहिले तर इंजिन अवाजवी तापते, आणि मोठ्या भाराखाली अवेळी स्फोट होऊन दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. ते फार समृद्ध झाले तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि निष्कासनळीतील उत्प्रेरक जाळून टाकते. यांखेरीज कायद्याचा प्रश्न आहे तो वेगळाच. यास्तव सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललेल्या मोटारसायकलीसाठी ‘कोणता ट्यूनर घ्यावा?’ हा जो प्रश्न सर्रास विचारला जातो, त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्या प्रश्नातील नामाचा अर्थ निश्चित करणे अगत्याचे आहे.

प्रथम मूळ व्यवहार पाहू. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हे रसायनशास्त्राचे प्रमाण झाले. इंजिनाला ते सर्वकाळ मानवतेच असे नाही. जास्तीत जास्त शक्ती हवी असेल तर मिश्रण याहून समृद्ध, म्हणजे 12.6 ते 13.2 च्या आसपास, ठेवावे लागते. कमीत कमी पेट्रोलमध्ये अंतर कापावयाचे असल्यास ते 14.7 हून काहीसे विरळ असले तरी चालते. निष्कासातील विषारी वायूंचे निवारण करणारा त्रिमार्गी उत्प्रेरक मात्र 14.7 च्या लगतच्या अगदी अरुंद पट्ट्यातच नीट काम करतो. म्हणजे एकाच इंजिनाला शक्तीसाठी एक, काटकसरीसाठी दुसरे आणि कायद्यासाठी तिसरे प्रमाण लागते. कारखान्यातून येणारी योजना ही या तिहींमधील तडजोड असते, व त्या तडजोडीत कायद्याचे पारडे जड असते. हे समजून न घेता कारखान्याने गाडी ‘मुद्दाम मंद’ ठेवली असे म्हणणे अन्यायाचे आहे.

कार्ब्युरेटरच्या काळी हे प्रमाण पितळेच्या जेटमधील छिद्रावर आणि सुईच्या उंचीवर अवलंबून असे. जेट बदलला की मिश्रण बदलले. काम हाताचे होते आणि डोळ्यांना दिसत होते. इंधन-अंतःक्षेपणात जेटची जागा इंजेक्टरने घेतली. इंजेक्टर ही विजेने उघडणारी सूक्ष्म झडप होय. तिच्यामागे पेट्रोलचा दाब स्थिर राखलेला असल्यामुळे ती किती मिलिसेकंद उघडी राहिली यावरच किती पेट्रोल पडले हे ठरते. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 6,000 फेरे करीत असेल, तर त्याचे एक संपूर्ण आवर्तन 20 मिलिसेकंदांत संपते. तेवढ्या अवधीत झडप केव्हा उघडावी आणि केव्हा मिटावी, हा निर्णय मोटारसायकलीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, ज्यास गॅरेजात ‘ईसीयू’ म्हणतात, तो घेत असतो. जेटचे छिद्र दिसत होते. हा निर्णय दिसत नाही. तो अंकांच्या कोष्टकात लिहिलेला असतो.

या कोष्टकास ‘मॅप’ असे म्हणतात. येथे शब्दांचा आणखी एक गुंता आहे. मॅप म्हणजे नकाशा, हा सर्वपरिचित शब्द. परंतु त्याच नियंत्रकाला जोडलेला जो दाबमापक सेन्सर असतो त्यालाही ‘मॅप सेन्सर’च म्हणतात, आणि तेथील ‘मॅप’ हा ‘मॅनिफोल्ड ॲब्सोल्यूट प्रेशर’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलेला आहे. उच्चार एक, व्युत्पत्ती दोन. त्यामुळे ‘मॅप खराब आहे’ या वाक्यावरून सेन्सर बदलावयाचा की कोष्टक, हे संदर्भावाचून कळणे शक्य नाही.

इंजिनात किती हवा जात आहे हे ठरविण्याच्या दोन रीती मोटारसायकलींत प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत अंतर्ग्रहण नळीतील हवेचा दाब, तिचे तापमान आणि फेऱ्यांची गती यांवरून हवेचे वजन काढले जाते. हिला ‘स्पीड-डेन्सिटी’ म्हणतात. दुसऱ्या रीतीत थ्रॉटल किती उघडले आहे तो कोन आणि फेऱ्यांची संख्या एवढ्यावरूनच पेट्रोल ठरते. कोनाचे चिन्ह अल्फा व फेऱ्यांचे चिन्ह एन, म्हणून हिचे नाव ‘अल्फा-एन’. पहिली रीत हवामानाशी आपोआप जुळवून घेते. मुंबईहून महाबळेश्वरास जाणाऱ्या गाडीला चढावर हवेचा दाब सुमारे 15 टक्क्यांनी उतरलेला आढळतो. स्पीड-डेन्सिटीला तो प्रत्यक्ष मोजता येतो, तर अल्फा-एनला त्यासाठी वेगळ्या दाबमापकाची आणि वेगळ्या दुरुस्तीची गरज पडते.

या विषयाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वाधिक चर्चिला गेलेला नमुना म्हणजे अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनची दोन सिलिंडरांची मोटारसायकल. 1995 च्या मॉडेलवर्षी या कारखान्याने मॅग्नेटी मरेली या इटालियन संस्थेच्या अल्फा-एन पद्धतीने अंतःक्षेपणास आरंभ केला, आणि 2001 पासून क्रमाने डेल्फायची स्पीड-डेन्सिटी पद्धत स्वीकारली. 2007 मध्ये 1,584 घनसेंटिमीटरचे ‘ट्विन कॅम 96’ हे इंजिन आले तेव्हा त्याबरोबर निष्कासनळीत ऑक्सिजन सेन्सरही आले. या गाड्यांचे मालक गाडी जशी आली तशी क्वचितच ठेवतात. एअर फिल्टर मोकळा करणे आणि सायलेन्सर बदलणे ही पहिली पायरी. तिला तेथे ‘स्टेज वन’ म्हणतात. पुढील पायऱ्यांवर कॅम बदलतो, सिलिंडर मोठा होतो, आणि खर्चाचे आकडेही त्याच प्रमाणात मोठे होत जातात.

आता कोष्टकांकडे वळू, कारण निवडीचे मर्म तेथे आहे. डेल्फायच्या पद्धतीत पेट्रोलाशी संबंधित दोन मुख्य कोष्टके असतात. एका कोष्टकात इंजिनाची घनफळात्मक कार्यक्षमता नोंदलेली असते, म्हणजे अमुक गतीस आणि अमुक दाबास सिलिंडर आपल्या घनफळाच्या मानाने प्रत्यक्षात किती हवा आत घेतो हे. दुसऱ्यात अमुक स्थितीत मिश्रणाचे प्रमाण किती असावे हे लिहिलेले असते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस हा भेद ओळखीचा वाटावा. पहिले कोष्टक वर्णनपर आहे. दुसरे आदेशपर आहे. पहिले इंजिन कसे आहे ते सांगते. दुसरे मिश्रण कसे असावे ते सांगते. व्याकरणात ज्याप्रमाणे या दोहोंची गल्लत झाली म्हणजे भाषेचे वर्णन खोटे पडते, त्याप्रमाणेच येथेही घडते.

उदाहरण घ्यावयाचे तर असे. सायलेन्सर व फिल्टर बदलल्यामुळे एका विशिष्ट गतीस इंजिन पूर्वीपेक्षा 8 टक्के अधिक हवा घेऊ लागले असे समजा. दाबमापकास यातील काही भाग कळतो, सर्व कळत नाही. विवेचनाच्या सोयीसाठी काहीच कळला नाही असे धरू. नियंत्रकाने 13 या प्रमाणाचा आदेश दिला. पण हवेचे वर्णन जुनेच असल्यामुळे प्रत्यक्षात मिश्रण 14 च्या घरात गेले. आता यावर दोन उपाय संभवतात. आदेशाच्या कोष्टकात 13 च्या जागी 12 लिहिले की मिश्रण पुन्हा 13 वर येते. गाडी नीट चालते, मालक संतुष्ट होतो. परंतु हवेचे वर्णन खोटेच राहते, आणि त्या वर्णनावर आधारलेली नियंत्रकाची इतर सर्व अनुमाने, थंड इंजिनाची, अकस्मात मूठ पिळल्याची, ऑक्सिजन सेन्सरकडून येणाऱ्या दुरुस्तीची, ही सारी तेवढ्याच प्रमाणात चुकत राहतात. दुसरा उपाय म्हणजे हवेच्या कोष्टकातील तो आकडा 8 टक्क्यांनी वाढविणे. हा उपाय कष्टाचा आहे, कारण असे शेकडो आकडे असतात, आणि हार्लेच्या बाबतीत पुढच्या व मागच्या सिलिंडरासाठी ते निरनिराळे असतात. या इंजिनाचे दोन सिलिंडर 45 अंशांच्या कोनात बसविलेले असून त्यांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एकानंतर 315 अंशांनी तर दुसऱ्यानंतर 405 अंशांनी होतात. साहजिकच सामाईक नळीतून दोघांना मिळणारी हवा सारखी नसते, आणि मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशास असल्याने अधिक तापतो तो निराळाच. वर्णन खरे करावयाचे ते या सर्वांसह.

आता ‘ट्यूनर’ या नावाने मिळणारी तीन यंत्रे या साखळीत कोठे बसतात ते पाहता येईल.

पहिली जात ‘पिग्गीबॅक’ची. मराठीत हिला पाठुंगळीचे यंत्र म्हणावयास हरकत नाही. डायनोजेटचा ‘पॉवर कमांडर’ हा या जातीचा सुप्रसिद्ध प्रतिनिधी. ही संस्था मुळात कार्ब्युरेटरचे जेट पुरविणारी. तिच्या नावातील उत्तरपद त्या काळाची खूण म्हणून राहिले आहे. हे यंत्र नियंत्रक आणि इंजेक्टर यांच्यामध्ये बसते. नियंत्रकाने ‘पाच मिलिसेकंद’ असे सांगितले की हे आपल्या कोष्टकात पाहून ‘साडेपाच’ असे पुढे कळविते. नियंत्रकास याची वार्ता नसते. दोन पक्षांमध्ये बसून निरोप परस्पर बदलणाऱ्या दुभाष्याचेच हे काम आहे. मूळ संहितेस हात लागत नाही, ही याची मोठी सोय. यंत्र काढून घेतले की गाडी पूर्ववत होते.

परंतु दुभाष्याची लबाडी कोठवर चालते? ऐकणारा परत बोलू लागेपर्यंत. ऑक्सिजन सेन्सर आल्यावर नेमके हेच घडले. संथ व सरळ चालीत नियंत्रक या सेन्सरकडून उत्तर घेत राहतो व त्यानुसार पेट्रोल कमीजास्त करतो. या अवस्थेस ‘क्लोज्ड लूप’ म्हणतात. पाठुंगळीच्या यंत्राने सहा टक्के पेट्रोल वाढविले की सेन्सर ते समृद्ध मिश्रण पाहतो, आणि नियंत्रक सहा टक्के कमी करतो. मालकाच्या पैशाने वाढविलेले पेट्रोल कारखान्याच्या आज्ञेने वजा होते. पुष्कळ पद्धतींत ही वजाबाकी नियंत्रक लक्षातही ठेवतो व पुढे, सेन्सरचा संबंध नसलेल्या पूर्ण थ्रॉटलच्या अवस्थेतही लावतो. म्हणजे नेमके जेथे समृद्धी हवी तेथे मिश्रण विरळ होण्याचा धोका उत्पन्न होतो. यावर तोड म्हणून विक्रेते ऑक्सिजन सेन्सरच्या जागी खोटे उत्तर देणारी जोडणी पुरवू लागले. एक खोटे झाकण्यास दुसरे, असा हा क्रम आहे. ऑक्सिजन सेन्सर नसलेल्या जुन्या गाड्यांवर पाठुंगळीचे यंत्र आजही निर्दोष काम करते. सेन्सर असलेल्या हार्लेवर ते घेण्यास सबळ कारण सांगता येणे कठीण आहे.

दुसरी जात ‘फ्लॅश’ यंत्रांची. ही यंत्रे मार्गात बसत नाहीत. गाडीच्या तपासणीसाठी ठेवलेल्या जोडणीतून ती नियंत्रकाच्या स्मृतीत शिरतात, तेथील कोष्टके वाचतात, आणि बदललेली कोष्टके परत लिहितात. हार्लेचा स्वतःचा ‘स्क्रीमिन ईगल सुपर ट्यूनर’, टीटीएसचा ‘मास्टरट्यून’, डायनोजेटचा ‘पॉवर व्हिजन’, व्हान्स अँड हाइन्सचा ‘फ्युएलपॅक एफपी3’ ही सर्व या जातीची. येथे हवेचे वर्णन, मिश्रणाचा आदेश, प्रज्वलनाची वेळ, सावकाश चालीची गती, फेऱ्यांची कमाल मर्यादा, एवढेच नव्हे तर क्लोज्ड लूप कोणत्या टापूत चालू राहावे हेही बदलता येते. मूळ संहिता संपादित होते, आणि तिची आधीची प्रत जपून ठेवता येते. या यंत्रांना एक अट असते. पहिल्या वापराबरोबर यंत्र त्या एका गाडीच्या ओळखक्रमांकाशी बांधले जाते. दुसऱ्या गाडीवर ते चालत नाही, निदान विक्रेत्यास पुन्हा पैसे दिल्यावाचून चालत नाही. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला ‘पॉवर व्हिजन’ निरुपयोगी ठरतो तो यामुळे. तसेच कोष्टके लिहिली जात असता बॅटरी उतरली, तर नियंत्रक मध्येच गोंधळून निकामी होण्याचा संभव असतो. जाणते कारागीर म्हणूनच त्या वेळी बॅटरीला चार्जर लावून ठेवतात.

तिसऱ्या जातीत मूळ नियंत्रकच काढून टाकला जातो व त्या जागी नवा बसविला जातो. हार्लेच्या जगात ‘थंडरमॅक्स’ हे याचे परिचित उदाहरण. तो अल्फा-एन रीतीने चालतो, आणि त्याबरोबर येणारे ऑक्सिजन सेन्सर रुंद पट्ट्याचे असल्याने तो चालत्या गाडीवर आपले कोष्टक स्वतःच दुरुस्त करीत जातो. मोठ्या कॅमच्या इंजिनात सावकाश चालीस अंतर्ग्रहणातील दाब अस्थिर होतो आणि दाबावर भिस्त ठेवणारी रीत लंगडी पडते. तेथे या जातीचा विचार अवश्य करावा. केवळ सायलेन्सर बदललेल्या गाडीसाठी मात्र एवढा खर्च करणे म्हणजे एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी नवा ग्रंथ लिहविण्यासारखे आहे.

या तिन्ही यंत्रांची येथवर जी चर्चा झाली ती खुंटीची चर्चा होय. तंबोरा लावणारा खुंटी पिळतो हे खरे, परंतु कान नसेल तर खुंटीचा उपयोग काय? मिश्रण प्रत्यक्षात किती आहे हे ट्यूनर नावाच्या डबीस बहुतेक वेळा ठाऊकच नसते. ते मोजणारा कान वेगळा असतो, आणि निवड करताना त्याची चौकशी आधी केली पाहिजे. विक्रेत्यांच्या जाहिरातींत हा क्रम नेहमी उलटा असतो.

कारखान्यातून येणारा ऑक्सिजन सेन्सर अरुंद पट्ट्याचा असतो. त्याचे उत्तर जवळजवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. मिश्रण 14.7 हून समृद्ध असेल तर सुमारे 0.9 व्होल्ट, विरळ असेल तर 0.1 व्होल्ट, आणि मध्ये एक तीव्र उतार. 13 आणि 12 यांतील फरक त्यास कळत नाही. तरीही या अर्धबधिर कानाकडून काम करून घेण्याची एक चतुर युक्ती ‘मास्टरट्यून’ व ‘पॉवर व्हिजन’ यांत योजलेली आहे. तात्पुरता सर्व कोष्टकभर 14.6 च्या आसपासचाच आदेश लिहावयाचा, म्हणजे सेन्सर ज्या एकाच स्वराला ओळखतो तोच स्वर सर्वत्र लावावयाचा. मग गाडी निरनिराळ्या गतींनी चालवावयाची. प्रत्येक ठिकाणी सेन्सरने जेवढी दुरुस्ती सुचविली असेल तेवढी हवेच्या वर्णनात घालावयाची. वर्णन खरे झाले की मूळचे 13 किंवा 14 चे आदेश परत लिहावयाचे. हवेचे माप एकदा खरे ठरले म्हणजे कोणतेही प्रमाण गणिताने साधता येते. वर्णन आणि आदेश यांचा भेद ज्याने नीट ओळखला त्यालाच ही युक्ती सुचली असणार.

या युक्तीस मर्यादा आहेत. पूर्ण थ्रॉटलच्या अवस्थेत 14.6 च्या मिश्रणावर इंजिन ताणणे धोक्याचे असते, म्हणून तो टापू अनुमानाने भरावा लागतो किंवा रुंद पट्ट्याच्या सेन्सरने मोजावा लागतो. दुसरे असे की सायलेन्सर फार आखूड व मोकळा असला, तर कमी गतीस बाहेरची हवा निष्कासनळीत उलटी शिरते. मोठ्या कॅममुळेही न वापरलेली हवा निष्कासात निसटते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो व तो मिश्रण विरळ असल्याची खोटी साक्ष देतो; मग पेट्रोल वाढत जाते आणि गाडी सिग्नलवर धुरकटते. अशा वेळी दोष यंत्राचा नसून सायलेन्सरच्या निवडीचा असतो.

खरा कान म्हणजे डायनमोमीटर, ज्यास बोलीत ‘डायनो’ म्हणतात. त्यातही दोन प्रकार आहेत. एकात मागचे चाक जड ढोलावर फिरते आणि ढोल किती वेगाने गती घेतो यावरून शक्ती काढतात. याने पूर्ण थ्रॉटलची एक झेप उत्तम मोजता येते. दुसऱ्यात ढोलाला विद्युत्-ब्रेक असतो, त्यामुळे गाडी एका ठरावीक गतीस व भारास धरून ठेवता येते, आणि कोष्टकातील एकेक घर मोजून भरता येते. रस्त्यावरची बहुतेक चाल अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर होत असते. तेव्हा ज्याच्याजवळ फक्त पहिल्या प्रकारचा डायनो आहे त्याने दिलेला उंच आलेख भिंतीवर लावण्यास चांगला; रोजच्या चालीस त्याचा लाभ थोडा. आलेखांची तुलनाही एकाच डायनोवरील आधीच्या व नंतरच्या आलेखांचीच व्हावी. दोन गावच्या दोन डायनोंवरील अश्वशक्ती पडताळून पाहणे व्यर्थ आहे.

यावरून निवडीचा क्रम उलगडतो. गाडीच्या नियंत्रकात लिहिणे शक्य आहे काय, गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहेत काय, इंजिनात कॅमपर्यंत बदल झाला आहे काय, आणि मोजमाप करणारा माणूस कोणत्या यंत्राशी परिचित आहे, या चार गोष्टी कळल्या की उत्तर बहुधा आपोआप मिळते. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. जवळच्या गावी ब्रेकचा डायनो असलेला कुशल माणूस ‘मास्टरट्यून’ वापरीत असेल, तर ‘पॉवर व्हिजन’ अधिक आधुनिक आहे या सबबीवर तो घेण्यात शहाणपण नाही. कर्ता करणापेक्षा श्रेष्ठ, असाच याचा अर्थ.

कायद्याचे अंग अमेरिकेत 2016 मध्ये ठळकपणे पुढे आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्था व न्यायखाते यांच्याशी हार्ले-डेव्हिडसनने तडजोड केली. कंपनीने विकलेल्या सुमारे 3,40,000 ‘सुपर ट्यूनर’ यंत्रांमुळे गाड्या प्रमाणित मर्यादेपेक्षा अधिक प्रदूषण करू शकतात, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने तो मान्य केला नाही. ही यंत्रे शर्यतीसाठी होती असे तिचे म्हणणे होते. तथापि तिने 1 कोटी 20 लक्ष डॉलर दंड भरण्याचे, विक्री थांबविण्याचे आणि विक्रेत्यांकडील शिल्लक यंत्रे परत घेऊन नष्ट करण्याचे कबूल केले. त्यानंतर या व्यापारात कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाची मान्यता मिळविलेले, बदलाच्या मर्यादा आखून दिलेले फ्लॅश-यंत्र ही एक उपजात ठळक झाली. ‘केवळ शर्यतीसाठी’ हे शब्द डबीवर छापलेले असतात ते शोभेसाठी नव्हेत, हे ग्राहकांस त्या प्रकरणाने कळून चुकले.

भारतात 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीतील बदलांस लागू पडते. 2019 च्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. पीयूसीचा दाखला मिळाला म्हणजे सर्व ठीक, ही समजूत भ्रामक आहे. पेट्रोलच्या दुचाकीची ती तपासणी गाडी उभी असता, सावकाश चालीस होते. भाराखाली मिश्रण कसे आहे याविषयी तो दाखला काहीच सांगत नाही. इंजिन सुरक्षित आहे की नाही याविषयीही नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध चाकणमार्गे येतो. केटीएमची 373 घनसेंटिमीटरची ‘390 ड्यूक’ ही 2013 साली भारतात आलेली गाडी बजाजच्या चाकण येथील कारखान्यात बनली, आणि इंधन-अंतःक्षेपणाच्या गाडीवर हौसेने बदल करण्याची प्रथा येथील तरुणांत रुजविण्यात तिचा वाटा आहे. हिच्यासाठी प्रसिद्ध झालेले यंत्र म्हणजे बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे ‘पॉवरट्रॉनिक’. ते पाठुंगळीच्या जातीचे असले तरी पेट्रोलाबरोबर प्रज्वलनाची वेळही बदलते, हा त्याचा विशेष. हार्लेच्या संदर्भात पाठुंगळीच्या यंत्रावर वर जो आक्षेप घेतला तो येथे तसाच्या तसा लावता येणार नाही. जेथे नियंत्रकात लिहिण्याची साधने सहज मिळत नाहीत आणि गाडी शर्यतीच्या मार्गावर बहुतांशी पूर्ण थ्रॉटलवर चालते, तेथे क्लोज्ड लूपचा अडसर क्वचितच येतो. तीच गाडी रोज कचेरीस नेणाऱ्याची गोष्ट निराळी.

भारतीय मालकास आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, जी अमेरिकेत लिहिलेल्या सूचनापत्रकांत आढळणार नाही. 2023 पासून येथे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि 2025 मध्ये ते देशभर पसरले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा मिश्र पेट्रोलाचे रासायनिक प्रमाण 14.7 राहत नाही. 10 टक्के इथेनॉलला ते सुमारे 14.1 आणि 20 टक्क्यांना सुमारे 13.5 इतके उतरते. क्लोज्ड लूपमध्ये सेन्सर ही तफावत भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र 10 टक्क्यांच्या पेट्रोलावर जुळविलेले कोष्टक 20 टक्क्यांच्या पेट्रोलावर तीन-चार टक्क्यांनी विरळ पडते. आणि येथे मापकावरील आकडा फसवितो. रुंद पट्ट्याचा सेन्सर मुळात प्रमाण मोजीत नाही. प्रत्यक्ष मिश्रण त्या इंधनाच्या रासायनिक प्रमाणाच्या कितीपट आहे, ते ग्रीक लॅम्डा अक्षराने दर्शविले जाणारे गुणोत्तर मोजतो, आणि पडदा त्यास सवयीने 14.7 ने गुणून दाखवितो. पडद्यावर 13 दिसत असले तरी टाकीत 20 टक्के इथेनॉल असता खरे प्रमाण 12 च्याही खाली असते. म्हणून जुळवणी करून घेताना आकडा लॅम्डात मागावा, शक्तीसाठी तो 0.86 ते 0.90 च्या दरम्यान आहे याची खात्री करून घ्यावी, आणि कारखान्याची मूळ फाइल ट्यूनरच्या डबीखेरीज दुसऱ्याही एका ठिकाणी जपून ठेवावी.